भरल्या टाकीचा दिवा

बोरसावंगीत पाण्याच्या टाकीखाली उभं राहून, वर न चढता, आत पाणी किती आहे हे सांगणारा एकच माणूस होता. कडूबा. सत्तावीस वर्षं ग्रामपंचायतीचं पाणी सोडणारा. खांद्यावर टॉवेल आणि हातात व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी. गाव त्याला वॉटरमन म्हणे. पाणी आलं नाही की जे म्हणे ते इथे लिहिण्याजोगं नाही.

टाकी शाळेच्या आवारात आहे. मोटार सुरू केली की कडूबा टाकीच्या खांबाला पाठ टेकून बसे आणि डोळे मिटे. लोकांना वाटे, झोपला. पण तो ऐकत असे. रिकाम्या टाकीत पाणी पडतं तेव्हा आवाज पोकळ येतो, देवळाच्या घुमटात बोलल्यासारखा. अर्धी झाली की तो खाली बसतो. भरत आली की जाड होतो, आणि मग दहा मिनिटांत मोटार बंद करायची. तशी टाकीत एक तरंगता गोळाही बसवलेला होता, भरली की पाणी आपोआप अडवणारा. पण बोरसावंगीच्या बोअरचं पाणी इतकं खारं, की नवा हंडा महिन्याभरात आतून चुना लावल्यासारखा पांढरा होतो. त्या क्षारानं गोळा पहिल्याच उन्हाळ्यात जाम झाला. गोळा बसवणारा ठेकेदारही पुन्हा दिसला नाही. राहिला तो कडूबाचा कान.

आणि तीन वर्षांपासून तो कानही जायला लागला होता.

एका दिवसात गेला असता तर बरं झालं असतं, माणूस बोंब तरी मारतो. हा चोरासारखा गेला. आधी पहाटेच्या चिमण्या गेल्या. मग फोनची घंटी. मग बायकोची, चतुराबाईची, पाठीमागून मारलेली हाक. इतकी वर्षं मोटारीच्या शेजारी बसल्याचा हा नजराणा. कडूबानं कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाणी सोडणाऱ्याला एक डोळा नसला तर गाव चालवून घेईल, पाय अधू असला तरी घेईल, पण सगळं काम ज्या कानावर चालतं तोच नाही म्हटल्यावर कोण ठेवील? चावी गेली तर कडूबाला दुसरं काही येत नव्हतं. खरं तर त्याला दुसरं काही व्हायचंही नव्हतं. चावी खांद्यावर टाकून तो गल्लीतून निघाला की बाया हंडे घेऊन दारात येत, त्यातच त्याचा जीव होता.

मग त्यानं युक्त्या काढल्या. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं. समजलं नाही की 'बघू' म्हणायचं. या एका शब्दावर आपल्याकडे माणसं आमदार झाली आहेत, कडूबाला तर नुसती नोकरी टिकवायची होती. रस्त्यानं जाताना चतुराबाई त्याच्या शेजारून चाले आणि मागून कुणी हाक मारली की हळूच त्याच्या दंडाला बोट लावी. टाकीसाठी तो तळहात वापरू लागला. वर जाणाऱ्या पाइपला हात लावायचा आणि थरथर मोजायची. पण तळहात म्हणजे काही कान नव्हे. कधी बरोबर येई, कधी चुके.

"आवं, जालन्याला चला," चतुराबाई दर आठवड्याला म्हणे. "कानाच्या डॉक्टरला दावू."

कडूबा टॉवेल झटकून बाहेर पडे. डॉक्टर कानात मशीन बसवणार. मशीन गावाला दिसणार. दिसलं की चावी गेली.

नोव्हेंबरात व्हायचं ते झालंच. टाकी एकदा भरली की खालच्या गल्ल्यांना जाते, दुसऱ्यांदा भरली की वरच्या गल्लीला, आणि एकेका गल्लीची पाळी पाच दिवसांनी येते. त्या दिवशी दुसऱ्यांदा भरायला मोटार लावून कडूबा पाइपावर हात ठेवून बसला. हाताला थरथर लागत होती, म्हणजे अजून भरते आहे, असं तो समजला. टाकी कधीच भरली होती. मागच्या अंगाला पाणी धबाधबा मैदानात पडत होतं, आणि कडूबा पुढच्या अंगाला खांबाला टेकून शांत बसला होता. तास-दीड तास. शेवटी कुणीतरी त्याला गदागदा हलवलं, तेव्हा त्यानं धावत जाऊन मोटार बंद केली. घाईत जोर लावून व्हॉल्व्ह उघडायला गेला तर तळचा जुना सांधा सुटला, आणि टाकीतलं पाणीही गेलं. बोअर आटला होता, पुन्हा उपसायला पाणीच नव्हतं. वरच्या गल्लीची पाळी हुकली, पाचव्या दिवसाचं पाणी दहाव्या दिवसावर गेलं.

हलवणारा वरच्या गल्लीचाच होता. पप्पू. वय बेचाळीस, दोन लेकरांचा बाप, पण गावासाठी पप्पूच. त्याच्या पुतणीचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता आणि घरात पाव्हण्यांना पाय धुवायला पाणी नव्हतं. तो चिडला तर त्यात त्याची काही चूक नव्हती.

"काका, मागं येवढं पाणी पडून राह्यलं आन् तुमी इथं बसून राह्यले! आवाज येत न्हाई का तुमाला?"

ओठांवरून कडूबाला शब्द न् शब्द कळला. बोरसावंगीत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"डोळा लागला," तो म्हणाला.

आळशी म्हणवून घ्यायला त्याची हरकत नव्हती. पप्पूनं आळशी म्हटलं, कामचोर म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. कडूबानं खाली मान घालून ते सगळं घेतलं आणि मनात म्हणाला, मूठ झाकलेली राहिली.

पण आठवड्यानं सरपंच काकासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. फक्त सगळ्यांना बरं वाटावं असं वागायची सवय.

"कडूबा, पप्पू सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेऊन राह्यला. त्याचा मेव्हणा तयारच हाये तुझ्या जागी. तवर एक बी चूक झाली, तर मंग माझ्या हातात काही न्हाई."

सव्वीस जानेवारीला दोन महिने होते.

त्याच सुमारास शाळेत एक पेटी आली होती. विज्ञान शिकवणाऱ्या तृप्ती मॅडमनी कुठल्याशा संस्थेला अर्जावर अर्ज करून ती मिळवली होती. आत तळहाताएवढे बोर्ड, वायरी, दिवे आणि माती, पाणी, उजेड ओळखणारे छोटे छोटे सेन्सर. मॅडम जालन्याच्या, टेंभुर्णीपर्यंत बसनं आणि पुढे स्कूटीवर येणाऱ्या. मुख्याध्यापकांचं मत असं, की पेटी कपाटात ठेवावी आणि साहेब आले की काढावी. मॅडमचं मत वेगळं होतं, आणि आवाज मॅडमचा मोठा होता.

कडूबा खांबाला टेकून बसला की सातवीच्या वर्गाची खिडकी समोर येई. एके दिवशी त्याला दिसलं की पोरांनी दोन कुंड्या मांडल्या आहेत. एका पोरीनं कोरड्या कुंडीत दोन दांड्या खुपसल्या, तर बोर्डावरच्या बारीक दिव्यांनी रडका चेहरा काढला. ओल्या कुंडीत खुपसल्या, तर हसरा. पुन्हा कोरड्या, पुन्हा रडका. कडूबा उठून खिडकीशी गेला. बऱ्याच महिन्यांत त्याला अशी गोष्ट भेटली नव्हती, जी नुसती बघून पुरती समजत होती.

त्यानं दारात चपला काढल्या.

"म्याडम, ह्या तारा मातीचं सांगून राह्यल्या. पाण्याचं सांगतील का? टाकी भरली का न्हाई ते?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"सांगतील की," त्या म्हणाल्या. "पण मी करून देणार नाही, बाबा. बसा, शिका आणि तुम्हीच करा."

असा छप्पन वर्षांचा कडूबा सातवीच्या बाकावर बसला. शेजारी अर्पिता, तीच कुंड्यांवाली पोर. दोन वेण्या, आणि धीर म्हणाल तर अजिबात नाही.

लॅपटॉपच्या पडद्यावर डावीकडे रंगीत तुकडे होते, प्रत्येकावर मराठीत लिहिलेलं: 'जर', 'तर', 'दिवा लाव', 'दिवा विझव'. एकाच्या खाचेत दुसरा बसवायचा, की झाला प्रोग्रॅम. टाइप करायची भानगड नाही. कडूबाची चौथी झालेली, हळूहळू का होईना वाचता येई. आणि यात कुणी काय बोललं ते ऐकायची गरजच नव्हती. बसणारा तुकडा खाचेत बसे, न बसणारा बाहेर राही, हे डोळ्यांनी दिसत होतं. पहिल्याच तासात कडूबाच्या लक्षात आलं की या खोलीत तो बहिरा नाही.

पाण्याचा सेन्सर म्हणजे दोन उघड्या तारा. त्या किती ओल्या आहेत ते पडद्यावर आकड्यात दिसे. कोरड्या असल्या की तीन-चार. टाकीच्या पाण्याच्या बादलीत बुडवल्या की सातशे वीस. कडूबानं तुकडे जुळवले: जर पाणी पाचशेपेक्षा जास्त, तर दिवा लाव. तारा बादलीत सोडल्या. दिवा लागला नाही. त्यानं तुकडे काढले, पुन्हा लावले, बोर्ड हलवला, बादली बदलली.

मॅडम त्याच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "बाबा, आधी आकडा बघा. तारा काय सांगताहेत ते बघितल्याशिवाय बाकी कशाला हात लावायचा नाही."

आकडा सातशे वीस होता. म्हणजे तारा खरं बोलत होत्या, चूक जुळणीत होती. अर्धा तास बघत बसल्यावर कडूबानं मांडीवर थाप मारली. 'कायम' नावाचा मोठा तुकडा बाकीच्यांना पोटात घ्यायला हवा होता, तो राहून गेला होता.

"आसं हाये तर! ह्यानं एकदाच बघितलं, तवा तारा कोरड्या व्हत्या, आन् मंग हा घरी गेला. पाणी सोडणारा आसं करन का? त्याला पुन्हा पुन्हा बघावं लागतं."

ते वाक्य मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कडूबानं 'जास्त'च्या जागी 'कमी'चा तुकडा लावला, आणि दिवा रिकाम्या बादलीला लागून भरलेल्या बादलीला विझला. वर्ग पोट धरून हसला, आणि या वेळी कडूबाही हसला.

तिसऱ्या आठवड्यात मात्र घात झाला. पोरांनी दिव्याऐवजी भोंगा लावायचं ठरवलं. टाकी भरली की सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा. कडूबाला ते कळलंच नाही. तो बादलीत तांब्यानं पाणी ओतत होता आणि पाणी तारांपर्यंत चढताना बघत होता. दिवा लागेना. त्यानं आणखी एक तांब्या ओतला. मान वर केली तर अख्खा वर्ग कानांवर हात ठेवून बसलेला, तोंडं वाकडी केलेला. फक्त अर्पिताचे हात खाली होते. ती भोंग्याकडे बघत नव्हती, कडूबाकडे बघत होती.

कडूबाच्या हातातला तांब्या कलंडला.

सुट्टीत तो नळावर हात धूत होता. वळला तर अर्पिता पाठीशी उभी.

"तीन हाका मारल्या," ती म्हणाली. सावकाश, तोंड पुरतं उघडून. म्हणजे तिला कळलं होतं, आणि कसं बोलायचं तेही कळलं होतं.

कडूबानं आजूबाजूला बघितलं. "पोरी, कुणाला सांगू नको. सव्वीस तारखेपर्यंत तरी सांगू नको. चावी जाईल माझी."

अर्पिता म्हणाली, "न्हाई सांगत. पण बाबा, मंग ते वाजणारं तुमाला काय कामाचं?"

दुपारी ती मॅडमना म्हणाली की भोंग्यानं परीक्षेच्या वेळी त्रास होईल, त्यापेक्षा मोठा लाल दिवा बरा. एक तुकडा काढून तिनं दुसरा लावला. कडूबा शेजारीच बसला होता, आणि त्याला तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. चतुराबाईशिवाय आता आणखी एका जिवाकडे त्याची मूठ होती, आणि तो जीव बारा वर्षांचा होता.

डिसेंबर संपता संपता कडूबा स्वतः शिडीनं टाकीवर चढला. तारा भरल्या रेषेवर बांधल्या, वायर खांबावरून खाली आणली, बोर्ड मोटारीच्या खोलीत डब्यात बसवला आणि दारावर लाल दिवा टांगला. तारांवर क्षार चढे म्हणून दर आठ दिवसांनी तो वर जाऊन लिंबानं त्या घासून काढी. पहिल्या दिवशी दिवा लागला तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. वर चढून त्यानं हात घालून बघितलं. मनगट भिजलं. त्यानंतर एक दिवसही टाकी वाहिली नाही.

गावाला बरं वाटलं, पप्पूला वाटलं नाही. त्याची पुतणी अजून साखरपुड्याच्या दिवसाची आठवण काढून रडत होती.

"पोरायच्या खेळण्यावर गावाचं पाणी सोडायचं का?" तो पारावर म्हणाला. "ग्रामसभेत सगळ्यायसमोर करून दावा. पेटला तर मी गप."

काकासाहेबांना दोन्ही बाजू खूश ठेवायची ही सोय फारच आवडली. ठरलं: सभेत दिवा लागला तर कडूबा राहील, नाही लागला तर चावी टेबलावर ठेवायची. त्या आठवड्यात मोटारीची लाइट फक्त रात्रीची होती, दिवसा टाकी भरून दाखवता येणार नव्हती. म्हणून शाळेतली माशांची काचेची पेटी पाण्यानं भरून सभेत ठेवायची आणि तारा तिच्यात सोडायच्या, असं झालं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, जिलेबी वाटली गेली, आणि ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात दोनेकशे माणूस जमलं. तालुक्याहून विस्तार अधिकारी आले होते. टेबलावर नारळाचं पितळी ताट, हार, त्यांच्यासाठी थंड पाण्याचा जार. मॅडम शाळेच्या कार्यक्रमात अडकल्या होत्या. लॅपटॉपपाशी अर्पिता उभी होती. बायांच्या सतरंजीवर, पुढच्याच रांगेत, चतुराबाई. ती आजवर एकाही ग्रामसभेला आली नव्हती. आज तिचा हात नवऱ्याच्या दंडापर्यंत पोहोचणार नव्हता, हे तिला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं.

कडूबानं चावी टेबलाला टेकवून ठेवली. काचेची पेटी आधीच भरलेली होती. त्यानं तारा हातात घेतल्या, अधिकाऱ्यांना नमस्कार केला आणि तारा पाण्यात सोडल्या.

दिवा लागला नाही.

त्यानं तारा बाहेर काढून पुसल्या, पुन्हा सोडल्या. नाही. त्यानं दिव्याची वायर दाबून बघितली. नाही. समोरच्या रांगेतली तोंडं हलायला लागली, कुणी हसलं, अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. अर्पिताचे ओठ हलले: "प्रोग्रॅम बराबर हाये, बाबा. काल बी चालला." तिचे डोळे भरून आले होते. कडूबाचा हात तुकडे काढायला पडद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. बाकी कशाला हात लावायचा नाही.

त्यानं आकडा बघितला. दोनशे दहा.

कोरड्या असत्या तर तीन. पाण्यात असत्या तर सातशे वीस. दोनशे दहा हा आकडा त्यानं दोन महिन्यांत कधी बघितला नव्हता. तारा तुटलेल्या नाहीत, काहीतरी सांगताहेत. पण काय? कडूबा त्या आकड्याकडे बघत राहिला.

पुढचं कडूबानं ऐकलं नाही, पण दोनशे माणसांनी ऐकलं. त्याच्या पाठीमागे उभा असलेला पप्पू म्हणाला, "काका, बस झालं. चावी ठेवा." उत्तर आलं नाही. "ओ काका!" तो ओरडला. उत्तर नाही. पप्पूच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला आणि तिथे नवल आलं. त्यानं टेबलावरचं पितळी ताट उचललं, नारळ बाजूला ठेवला, आणि ताट कडूबाच्या मागे सिमेंटच्या पायरीवर आपटलं. मांडव दचकला. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं. अधिकारी खुर्चीतून अर्धे उठले.

कडूबाची मानसुद्धा हलली नाही. त्यानं पेटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

गोड. सत्तावीस वर्षं त्यानं या गावाचं पाणी पाइपातून, हंड्यातून, फुटक्या सांध्यातून प्यायलं होतं. ते कधीच असं लागलं नव्हतं. यात क्षारच नव्हता, म्हणून तारांचा आकडा चढत नव्हता.

"हे आपलं पाणी न्हाई," म्हणत तो वळला. "हे कुणी भरलं?"

आणि थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते, पण दिवा न लागल्यावर बघतात तसे नाही. पायरीवर ताट अजून गोल फिरत होतं. चतुराबाईनं तोंडाला पदर लावला होता. काय झालं ते कडूबाला कुणी सांगायची गरज उरली नाही.

काकासाहेब गोंधळून म्हणाले, "जारचं पाणी हाये, मीच भरायला लावलं. पाव्हण्यासमोर आपलं पांढरं, खारं पाणी काचेत कुठं ठिवायचं? तुझ्या मागं उभं राहूनच शिपायाला सांगितलं की. तू ऐकलं न्हाई का?"

तोच प्रश्न. नोव्हेंबरात याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. आताही ते जिभेवर आलं. त्यानं अर्पिताकडे बघितलं. ती दीड महिना गप्प राहिली होती, त्याच्यासाठी.

"न्हाई ऐकलं," कडूबा म्हणाला. "मला ऐकू येत न्हाई, सरपंच. तीन वर्सं झाली. पप्पू, त्या दिवशी माझा डोळा लागला न्हवता. तुझ्या घरचं पाणी गेलं ते माझ्या कानानं गेलं. म्या खोटं बोललो."

त्यानं पप्पूच्या उत्तराची वाट बघितली नाही. ग्रामपंचायतीच्या दाराशी पिण्याच्या पाण्याचा पिंप होता, टाकीचंच पाणी, कडेला क्षाराच्या पांढऱ्या रेघा. त्यानं तांब्या त्यात बुडवला, टेबलावर आणून ठेवला. तारा तांब्यात सोडल्या.

लाल दिवा लागला.

तारा बाहेर काढल्या, विझला. आत सोडल्या, लागला. कडूबानं असं चारदा केलं, कारण त्याला स्वतःलाच ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं. मागे काय चाललं होतं ते त्याला कळत नव्हतं. पप्पू ओरडून विचारत होता की बहिऱ्याच्या हाती गावाचं पाणी द्यायचं का. कुणीतरी म्हणत होतं की महिन्यात एक थेंब वाहिला नाही तो याच बहिऱ्याच्या हातून. अधिकारी तांब्यात वाकून बघत होते. शेवटी काकासाहेबांनी टेबलावर हात आपटून सभेला काहीतरी विचारलं.

अर्पितानं कडूबाच्या बाहीला धरून त्याला फिरवलं.

मांडवभर हात वर होते. पुरुषांचे, बायांचे, वरच्या गल्लीतलेसुद्धा काही. पप्पूचे हात मात्र काखेत. काकासाहेबांनी काय विचारलं होतं? ठेवावा म्हणणाऱ्यांनी हात वर करा, की काढावा म्हणणाऱ्यांनी? ओठ तर त्यानं बघितलेच नव्हते. तो त्या हातांकडे बघत राहिला आणि ते हात आपल्या बाजूचे आहेत की विरुद्ध, हे कळायला त्याला मार्ग नव्हता.

मग त्यानं बायांच्या सतरंजीकडे बघितलं. पुढच्या रांगेत चतुराबाईचा हात वर होता. कोपरापर्यंत बांगड्या घसरलेल्या, हात सगळ्यांपेक्षा उंच, जवळजवळ उभीच राहिलेली.

म्हणजे ते हात त्याच्याच बाजूचे होते.

चतुराबाई त्याच्याकडे बघत ओठ हलवत होती, आवाज न काढता, सावकाश, तीन वर्षं बोलत आली होती तसं: "आता तरी जालन्याला चला."

कडूबानं होकाराची मान डोलावली. मग डोळे पुसले, टेबलाला टेकवलेली चावी उचलून खांद्यावर टाकली आणि मांडवातून निघाला. रात्री भरून ठेवलेल्या टाकीचं पाणी सोडायची वेळ झाली होती, आणि आज पाळी वरच्या गल्लीची होती.